‘मुलाकडून’ आणि ‘मुलाशी’ : बालवाडीच्या वर्षाखेरीच्या गृहोपक्रमपत्रकांचे एक भाषिक परीक्षण

१

शाळेचे वर्ष सरत आले, की बालवाडीतून घरी परतणाऱ्या मुलाच्या दप्तरात प्रगतिपत्रकाबरोबर आणखी एक कागद असतो. ‘सुटीत घरी करावयाचे उपक्रम’ असे काहीसे त्याचे शीर्षक असते, आणि जूनपर्यंत पालकांनी काय काय करावे याची क्रमवार यादी त्याखाली दिलेली असते. ही प्रथा अगदी नवी नव्हे. परंतु मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या, त्या काळात असे उपक्रम मोबाइलवरून घरोघर पोहोचू लागले, आणि साथ ओसरल्यावरही तो प्रघात टिकून राहिला. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ ही वर्षे एका पायाभूत स्तरात गोवली. २०२२ साली या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला, आणि त्याच साली महाराष्ट्रातील शाळापूर्व तयारीच्या अभियानात पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांच्या मातांचे गट योजण्यात आले. घर हे या वयाच्या शिक्षणाचे एक ठिकाण आहे, ही गोष्ट आता अधिकृतपणे मान्य झाली आहे. तेव्हा शाळेकडून घराकडे जाणाऱ्या या कागदाकडे क्षुल्लक म्हणून पाहता येत नाही.

या पत्रकांची तपासणी शिक्षणशास्त्राच्या विभागाने करावी, भाषेच्या विभागाचा येथे संबंध काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर असे की, पत्रक ही प्रथमतः एक भाषिक रचना आहे. ती कोणीतरी कोणाला तरी उद्देशून केलेली आहे; तिच्यात क्रियापदे आहेत, विभक्ती आहेत, कर्ता कोण आणि करविता कोण यासंबंधीचे काही गृहीत आहे. शिवाय ज्या मुलासाठी ती लिहिली जाते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा उद्योग त्या वेळी भाषा शिकणे हाच असतो. या दोन्ही दृष्टींनी ही पत्रके वाचली असता त्यांत एक मूलभूत दोष आढळतो, असे मला वाटते. तो दोष दाखविणे व त्याचा परिणाम कोठवर पोहोचतो हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पुढे उदाहरणादाखल दिलेली वाक्ये या पत्रकांची धाटणी दाखविण्यासाठी मी रचलेली आहेत. कोणत्याही एका संस्थेच्या पत्रकावर टीका करण्याचा उद्देश नाही.

२

प्रथम वाक्यरचना पाहू. ‘मुलांकडून रंगांची ओळख करून घ्यावी.’ ‘मुलांकडून १ ते १० अंकांचा सराव करून घ्यावा.’ ‘दररोज एक पान गिरवून घ्यावे.’ या पत्रकांतील वाक्ये बहुधा याच साच्याची असतात. मराठीत हा साचा आपण एरवी कोठे वापरतो? शिंप्याकडून सदरा शिवून घेतो, गवंड्याकडून भिंत बांधून घेतो, सुताराकडून खाट दुरुस्त करून घेतो. ‘-कडून’ने दाखविलेली व्यक्ती काम करते, आणि ‘घेणे’ या क्रियापदाचा कर्ता त्या कामाचे फळ आपल्या पदरात पाडून घेतो. शिंपी काय म्हणतो, त्याला काय वाटते, याला या वाक्यात जागा नाही. सदरा तयार झाला की वाक्याचा अर्थ पुरा होतो. हीच रचना मुलाला लागू केली की मूल कारागिराच्या जागी जाते, आणि भरलेले पान सदऱ्याच्या जागी येते. जूनमध्ये शाळेला दाखवावयाचे असते ते पान. ते भरताना मूल काही बोलले किंवा काय, याची नोंद कोठेच नसते.

याच्या शेजारी मराठीतील दुसऱ्या दोन रचना ठेवून पाहाव्यात. एक ‘करू देणे’ ही. ‘मुलीला शेंगा सोलू द्या’ या वाक्यात मुलीची इच्छा आधीच अस्तित्वात आहे. मोठ्या माणसाने केवळ वाट मोकळी करावयाची आहे. ‘करून घेणे’ व ‘करू देणे’ यांत घेण्या-देण्याचा फरक आहे, आणि तो शब्दांपुरता नाही. दुसरी रचना ‘-शी’ या प्रत्ययाची. आपण कोणाशी बोलतो, कोणाशी खेळतो, कोणाशी भांडतो. या सर्व क्रियांना दोन्ही बाजूंनी माणूस लागतो; एकट्याने त्या होत नाहीत. मराठीचा येथील विवेक लक्षात घेण्यासारखा आहे. ‘आई माझ्याशी बोलली’ आणि ‘आई मला बोलली’ या दोन वाक्यांत केवळ एका प्रत्ययाचा फरक आहे; परंतु दुसऱ्या वाक्याचा अर्थ आई रागावली असा होतो. ‘-ला’ लावला की बोलणे एका दिशेने वाहते. ‘-शी’ लावला की ते परत येते.

माझ्या पाहण्यात आलेल्या पत्रकांत ‘मुलाकडून’ हा प्रयोग पानोपानी आढळतो. ‘मुलाशी’ हा क्वचित. आणि ‘आपण’ हे सर्वनाम, ज्यात बोलणारा व ऐकणारा दोघेही सामावतात, ते जवळजवळ नाहीच. ‘चल, आपण शेंगा सोलू या’ हे घरातील रोजचे वाक्य पत्रकात जाताना ‘पालकांनी मुलांकडून सूक्ष्म स्नायूंच्या विकासाची कृती करून घ्यावी’ असे होते. यात काम तेच राहते. मात्र दोन माणसांतील संबंध नाहीसा होतो.

३

आता पत्रकांतील विषयांकडे वळू. रंग, अंक आणि अक्षरे ही तीन सदरे बहुतेक ठिकाणी असतात.

रंगांच्या सदरात लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी यादी देऊन त्या त्या रंगाचे गोल भरावयास सांगितलेले असते. भाषेच्या दृष्टीने पाहता रंगाचे नाव ओळखणे हे या वयाच्या मुलापुढील खरे काम नव्हे. पिवळा आंबा, पिवळी साडी, पिवळे केळे असे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलावयाचे, आणि ‘लाल’ मात्र कोठेच बदलावयाचे नाही, ही त्याच्यापुढील खरी कामगिरी आहे. ती वस्तूंच्या सहवासात, बोलताना साधते; रंगवलेल्या गोलाला लिंग नसते. शिवाय घरातील रंगांचा शब्दसंग्रह पत्रकापेक्षा कितीतरी समृद्ध असतो. अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, श्रीखंडी, गुलबक्षी हे शब्द फुले, फळे, पक्षी आणि पक्वान्ने यांच्यावरून आले आहेत. आजीच्या पेटीतील चार लुगडी उन्हात घालताना जो पाठ होतो, तो चार गोलांच्या पानावर होत नाही.

अंकांचीही तीच कथा. १ ते १० ही ओळ पाठ म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. जेवणाची ताटे मांडताना ‘आज किती जण?’ हा प्रश्न निघाला, की मूल एकेका माणसामागे एकेक ताट ठेवते आणि मोजणीचे मर्म त्याच्या हाती येते. तेथेच त्याला हेही उमगते, की ताटे दोन असतात, परंतु बाबा आणि काका दोघे असतात, आई आणि आजी दोघी असतात. पीठ मोजताना अर्धी वाटी, दीड वाटी, अडीच वाट्या हे शब्द कानावर पडतात. दहापर्यंतच्या ओळीत दीड आणि अडीच यांना स्थान नाही. मराठी घरात मात्र ते रोजचे आहेत.

अक्षरांच्या सदरात तर पत्रक कित्येकदा मुलाच्या अचूक कानाविरुद्ध उभे राहते. ‘कमळ’ या शब्दातील आवाजांइतक्या टाळ्या वाजवा, असा एक उपक्रम असतो. मूल दोन टाळ्या वाजवते : क–मळ. पालकाला लिहिलेली तीन अक्षरे दिसतात, म्हणून तो मुलाची चूक दुरुस्त करतो. वास्तविक बोलताना ‘म’नंतरच्या ‘ळ’मधील अकाराचा उच्चार होत नाही, आणि त्या शब्दात अवयव दोनच आहेत. मूल बरोबर आहे. चूक दुरुस्त करणाऱ्याची आहे. त्याचप्रमाणे ‘च’वरून शब्द सांगताना चमचा, चाळणी, चिमणी, चंद्र हे एका ओळीत बसविले जातात. पहिल्या दोन शब्दांतील ‘च’ दंततालव्य आणि पुढील दोहोंतील तालव्य. लिपी एक असली तरी ध्वनी दोन आहेत. चमच्याबरोबर चिमणी घालण्यास जे मूल कां-कूं करते, ते मंद नसून सावधपणे ऐकणारे असते.

वाचनाच्या तयारीसाठी ध्वनींचा खेळ उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये सुमारे ४०० मुलांचा अभ्यास करून १९८३ साली दाखवून दिले, की चार-पाच वर्षांच्या वयात यमक व आद्यध्वनी यांची जाण आणि पुढील काळातील वाचन यांचा निकट संबंध असतो. परंतु तो अभ्यास कानाचा होता, गिरवण्याचा नव्हता. मराठी घरात यासाठी भेंड्यांचा खेळ पूर्वीपासून आहे. अक्षरओळख नसलेले मूलही शेवटचा ध्वनी पकडून पुढचा शब्द शोधते. हा खेळ अमुक शास्त्रीय नावाचा उपक्रम म्हणून पत्रकात छापण्याची आवश्यकता नाही. तो खेळण्यास दुपार मोकळी मिळाली पाहिजे, इतकेच.

४

मग घरी करावयाच्या कामाची भाषिक कसोटी कोणती? माझ्या मते ती एकच आहे : या कामात मुलाला काय बोलावे लागते?

उन्हाळ्यात घरोघर होणाऱ्या कुरडयांचे उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत पडतात, रोज पाणी बदलले जाते, नंतर ते वाटून चीक काढतात, तो शिजवून सोऱ्यातून कापडावर कुरडया घालतात, आणि त्या उन्हात वाळत ठेवतात. चार-पाच वर्षांच्या मुलाकडे यांत एक खरे काम येते : कावळे-चिमण्यांपासून वाळवणाची राखण. या चार-पाच दिवसांत मुलाच्या तोंडी कोणती भाषा येते ते पाहावे. ‘गहू कशाला भिजवले?’ ‘आज का नाही करायच्या?’ ‘ऊन गेलं तर?’ कारण विचारणारी, काळ सांगणारी, जर-तर जोडणारी ही वाक्ये आहेत. संध्याकाळी कोणी बाहेरून आले आणि ‘आज काय केलंत?’ असे विचारले, की मूल भिजवून, वाटून, शिजवून अशी ऊनान्त रूपे एकामागून एक गुंफू लागते. किंवा तूर्त ‘मग… मग… मग…’ करीत जाते. पुढे शाळेत ज्याला आपण निवेदन म्हणतो त्याचा हा आरंभ होय. ज्या घरी वाळवण होत नाही तेथे भाजी निवडणे आहे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या आहेत, बसची वाट पाहणे आहे. मुद्दा कुरडयांचा नाही. ज्या कामाची घराला गरज आहे अशा कामात मुलाला वाटा असण्याचा आहे.

येथे प्रश्नांच्या दोन जाती वेगळ्या केल्या पाहिजेत. ‘हा कोणता रंग?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते त्याला ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असते. ही परीक्षा झाली. ‘विळी कोठे ठेवली गेली असेल?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवे असते. पहिल्या प्रश्नाला मूल एका शब्दात उत्तर देते, किंवा गप्प राहते. दुसऱ्याला ते आठवून, शोधून, अंदाज बांधून बोलते. पत्रकांतील प्रश्न बहुशः पहिल्या जातीचे असतात. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या काही पालकांना, चित्रांचे पुस्तक वाचून दाखविताना मोकळे प्रश्न विचारावेत आणि मुलाच्या उत्तरात भर घालावी, असे शिकविण्यात आले; दुसऱ्या गटातील पालकही वाचून दाखवीत होतेच. एका महिन्यानंतर पहिल्या गटातील मुलांची अभिव्यक्ती सरस आढळली. ती कुटुंबे मध्यमवर्गीय व इंग्रजीभाषी होती, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष मर्यादितच काढावा. तथापि वाचनाचा प्रघात दोन्हीकडे असता फरक पडला तो बोलण्याच्या रीतीमुळे, एवढे निश्चित.

५

आता या दोषाचा सर्वांत गंभीर परिणाम. ‘मुलांच्या बोलण्यातील चुका वेळीच दुरुस्त कराव्यात’ या आशयाची सूचना अनेक पत्रकांच्या शेवटी असते. चूक म्हणजे काय?

चार वर्षांचे मूल ‘मी करलं’ असे म्हणते. ‘केलं’ हे रूप त्याने ऐकलेले असते. ‘करलं’ त्याला कोणीही शिकविलेले नसते. धर–धरलं, भर–भरलं या जोड्यांतून त्याने स्वतः नियम काढलेला असतो, आणि तो नियम त्याने ‘कर’ला लावलेला असतो. जीन बर्को या विदुषीने १९५८ साली, मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवून आणि बनावट शब्द देऊन, हेच इंग्रजीबाबत सिद्ध केले : कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन मुले नियमाने करतात. म्हणजे ‘करलं’ हा अज्ञानाचा पुरावा नसून व्याकरणाचा पुरावा आहे. त्यावर ‘हो का? तू केलंस?’ एवढे सहज उत्तर पुरते. कालांतराने ते रूप आपोआप सुधारते.

परंतु दुसऱ्या एका प्रकारच्या ‘चुका’ अशा सुधारत नाहीत, कारण त्या चुका नसतातच. ज्या घरात ‘पानी’ आणि ‘व्हतं’ म्हणतात, ज्या घरात अहिराणी, मालवणी, वारली किंवा गोंडी बोलतात, त्या घरी हा कागद गेला, की तो मुलाच्या आईलाच चुकीची ठरवितो. तिने दुरुस्त करावयाचे ते काय? स्वतःचे बोलणे? अशी आई दोहोंपैकी एक करते : पत्रक बाजूला ठेवते, किंवा मुलाशी बोलताना संकोचू लागते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. जे मूल आपल्या आईचे शब्द चुकीचे आहेत असे शिकून पहिलीच्या वर्गात येते, ते बोलण्यापेक्षा गप्प राहणे पत्करते. आणि गप्प मुलाला काही येत नाही, असा ग्रह होण्यास वेळ लागत नाही. शिक्षकाने ऐकले असते तर कळले असते, की या मुलाला वाक्यरचना येते, गोष्ट सांगता येते, भांडता आणि समजूत घालताही येते. फक्त ते दुसऱ्या बोलीत येते. इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतून आलेल्या पत्रकाने मराठी घरात हेच निराळ्या रीतीने घडते. आई स्वतःच्या ओघवत्या मराठीतून उतरून ‘हा रेड, हा यलो’ असे नामनिर्देश करू लागते. तिच्याजवळ मुलाला देण्यासारखी जी एक संपूर्ण भाषा होती, ती त्या अर्ध्या तासापुरती का होईना, बंद होते.

महाराष्ट्राला या बाबतीत परक्यांकडून धडे घेण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत चालविले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात जावे, हा त्यांच्या अंगणवाडीचा व कुरणशाळेचा विचार. तेथे साधनेही भोवतालच्या परिसरातून येत : पाने, बिया, खडे, शिंपले. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे; परंतु त्यातील ‘अंगण’ म्हणजे मुलाचे स्वतःचे अंगण, ही गोष्ट वर्षाखेरीचा कागद लिहिताना विसरली जाते असे दिसते.

६

पत्रकांच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. दिवसभर कामावर असणाऱ्या पालकांना नेमके काहीतरी सांगितलेले हवे असते. ‘मुलाशी बोला’ एवढे मोघम वाक्य त्यांच्या उपयोगाचे नाही. आणि अक्षरांचा परिचय पहिलीत व्हावयाचाच आहे; त्याची गोडी लागावी म्हणून एखादे पान गिरविले तर त्यात अनर्थ नाही. हे दोन्ही मुद्दे रास्त आहेत. परंतु पहिल्याचे उत्तर नेमकेपणात आहे, आणि ‘-शी’ची भाषाही नेमकी असू शकते. दुसऱ्याचे उत्तर प्रमाणात आहे. आठ उपक्रमांपैकी एक गिरविण्याचा असावा. आठांपैकी सात नव्हेत.

नवे पत्रक कसे असावे याचा एक मासला पुढे देतो. ‘भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवा आणि त्याला शेंगा सोलू द्या. किडकी शेंग त्याला सापडली, तर ती किडकी आहे हे त्याने कसे ओळखले ते विचारा.’ ‘रात्री त्याच्याकडून दिवसाची गोष्ट ऐका, मधे दुरुस्त करू नका, पुढे काय झाले एवढेच विचारा.’ ‘तुमच्या लहानपणीचा एखादा उन्हाळा त्याला सांगा. तुमच्या घरच्या बोलीत सांगा.’ ‘आजीला किंवा शेजारच्या आजोबांना ठाऊक असलेली तीन कोडी मूल शिकून आले, तर जूनमध्ये ती वर्गाला घालील.’ येथे तिसऱ्या वाक्यात पालकाला बोलीची मुभा शाळेने स्वतः लिहून दिली आहे, आणि चौथ्यात घरून आलेल्या भाषेला वर्गात जागा राखून ठेवली आहे. दुसऱ्या वाक्यात ‘त्याच्याकडून’ हा शब्द आलाच आहे. परंतु त्यापुढे ‘करून घ्या’ नाही, ‘ऐका’ आहे. अशा पत्रकाला तक्ते, रंगीत कागद किंवा छापील वह्या लागत नाहीत. पालकाला लिहिता-वाचता येण्याचीही अट राहत नाही. अंगणवाडीसेविकेने ते एकदा वाचून दाखविले की पुरे.

ही पत्रके लिहिणाऱ्यांत बालवाडीच्या शिक्षिका आहेत, अधिकारी आहेत, आणि काही आपल्याच विभागांतून शिकून गेलेले विद्यार्थीही असतील. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पत्रक छापण्यापूर्वी त्यातील ‘करून घ्यावे’ने संपणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारावी, आणि ते वाक्य ‘-शी’, ‘आपण’ किंवा ‘करू द्या’ यांपैकी एका रचनेत लिहिता येते का ते पाहावे. जे वाक्य तसे लिहिता येणार नाही, तो उपक्रम सुटीत घरी पाठविण्याजोगा आहे का, याचा पुन्हा विचार करावा.